बुंध्याशी कापूस

खोड हातात आलं. मी ते ओढलं नव्हतं की वाकवलं नव्हतं. चिखलात रुतलेला बूट सोडवताना आधार म्हणून याकॉनच्या सहा फुटी झाडाला नुसता हात टेकला, आणि ते बुंध्यापासून अलगद सुटून माझ्या खांद्यावर कललं, बसमध्ये शेजारच्या माणसाला डुलकी लागावी तसं. शनिवारची सकाळ, ऑक्टोबरची वीस तारीख, साल दोन हजार सात, स्थळ कार्डिफमधली आमची अलॉटमेंट, म्हणजे कौन्सिलने भाजीपाला लावायला दिलेला जमिनीचा तुकडा. आधी तारीख आणि स्थळ नोंदवायची ही माझी खोड एकतीस वर्षांच्या नोकरीची आहे, आता जायची नाही. हॉस्पिटलच्या तळघरात मी पॅथॉलॉजिस्ट होतो. माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे काचेवर येत, मी मायक्रोस्कोपमधून पाही आणि काय झालंय ते लिहून वर पाठवी. वर कोण आहे, ते ऐकून त्याचं काय होतं, हे मला कधी बघावं लागलं नाही. त्यामुळे मी फार शांत माणूस आहे असा माझा लौकिक झाला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही तसाच समज होता. पण त्या सकाळी ते खोड खांद्यावर घेऊन उभा राहिलो आणि तो समज टिकला नाही, कारण बुंध्याशी पांढरंशुभ्र काहीतरी होतं, कापसासारखं, आणि ते मी पूर्वी पाहिलेलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी. पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

याकॉन म्हणजे काय, हे मला तरी तीन वर्षांपूर्वी कुठे माहीत होतं. शेजारच्या तुकड्यावर ग्विन असतो, ऐंशीला टेकलेला, पूर्वी पोस्टात होता. त्याने एकदा कुंपणावरून रताळ्यासारखा एक कंद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सोल आणि खा, डॉक." मी कच्चाच चावला. काकडी आणि पेअर यांच्या मधलं काहीतरी, पाणीदार, गोड, करकरीत. अँडीजच्या डोंगरात लोक शेकडो वर्षं हे लावतात, फळासारखं खातात, आणि काढल्यावर थोडे दिवस उन्हात पसरून ठेवतात म्हणजे गोडी वाढते, असं ग्विनने सांगितलं, आणि मग दोघांनी मिळून कार्डिफच्या आभाळाकडे पाहिलं. त्याची बायको माइर डायबेटिक होती, तिला हे गोड चालायचं, म्हणून त्याने कुठूनतरी एक गड्डी मिळवून सुरुवात केली होती. माइर जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तो अजून लावतच होता. याकॉनला खालचे कंद खायचे असतात आणि वरची गुलाबी डोळ्यांची गड्डी फोडून पुढच्या वर्षी लावायची असते. तशा सहा फोडी त्याने मला दिल्या होत्या. म्हणजे माझी सहा झाडं आणि कुंपणापलीकडची त्याची दहा, सगळी एकाच गड्डीची. हे लक्षात आलं आणि मी खोड खाली ठेवून पटकन कुंपणाकडे पाहिलं. त्याची झाडं हिरवीगार उभी होती. मधलं अंतर दोन हात.

आता निर्माल्याचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. सुलक्षणा, म्हणजे माझी बायको, गेली चौतीस वर्षं या देशात गौरी-गणपती करते, नवरात्र बसवते, आणि चौतीस वर्षं तिला एकच प्रश्न पडलेला आहे: देवाला वाहिलेली फुलं टाकायची कुठे. कचऱ्यात तर नाहीच. पायाखाली येतील अशी कुठेही नाहीत. सुरुवातीला आम्ही टॅफ नदीच्या पुलावर जायचो, मी कोटाच्या आत पिशवी लपवून, चोरासारखे इकडेतिकडे बघत. एकदा कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईने आम्हाला थांबवून, अगदी गोड आवाजात, नदीत कचरा टाकणं बरं नव्हे असं समजावलं. सुलक्षणाने पिशवी तशीच घरी परत आणली. त्यानंतर निर्माल्य गॅरेजमध्ये सुपरमार्केटच्या पिशव्यांत साठत गेलं, आणि दरवर्षी कोणी समुद्राकडे जाणारं भेटलं की त्याच्याबरोबर रवाना होत गेलं. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि तिला घर खायला उठलं. तीही हॉस्पिटलमध्येच होती, सर्जनच्या क्लिनिकची सेक्रेटरी, दिवसभर माणसांत. ते सगळं एका शुक्रवारी संपलं. मुलगी शाल्मली मिल्टन कीन्सला, तिचा फोन रविवारी. उरलेले सहा दिवस ही खिडकीशी. मी अलॉटमेंटवर चल म्हटलं की म्हणायची, "तुम्ही जा. मला तिथे काय करायचंय? मी आपली गाडीतच बसेन." आणि खरोखर दोनतीनदा गाडीतच बसली, काचा वर करून.

या सप्टेंबरात मी सहज म्हणालो, अगं, निर्माल्य तिकडेच घेऊन ये की, पुरून टाकू. ती गाडीतून उतरली. पिशवी छातीशी धरून वाफ्यांमधून चालत गेली, प्रत्येक ठिकाणी थांबून बघत होती, इथे पाय पडेल, तिथे पाय पडेल. पुरायचं तिला पटेना. पुरलेल्या जागेवरून कोणीतरी चालणारच. शेवटी याकॉनच्या वाफ्यापाशी थांबली. त्याची पानं मोठी, लवदार, खाली सावली आणि ओल, आणि वाफ्यात शिरायला कोणाला जागाच नाही. तिने गुडघे टेकून सहाही बुंध्यांभोवती फुलं मांडली, शेवंती, झेंडू, दूर्वा, पत्री, अगदी आळं केल्यासारखी. उठताना माझा हात धरला आणि म्हणाली, "ही आपली जागा चांगली आहे." आपली जागा. चौतीस वर्षांत मी तिच्या तोंडून हे कार्डिफमधल्या कशालाच ऐकलं नव्हतं, स्वतःच्या घरालासुद्धा नाही. घराला ती अजून 'पंचेचाळीस नंबर' म्हणते. त्यानंतर ती दर दोन दिवसांनी यायला लागली. ग्विनशी तिची गट्टी जमली. तो तिला रुंद पानांच्या रुबार्बचे आंबट देठ देई, ती त्याला चिवडा देई. घरी येताना गाडीत गुणगुणायची. मला इतकं बरं वाटत होतं की मी त्याबद्दल काही बोलतच नव्हतो, बोललो तर मोडेल म्हणून.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मला बुंध्याशी ते पांढरं दिसलं. मी काय विचार केला? मला वाटलं, हे देवाचं वस्त्र. कापसाचं, कुंकवाचे ठिपके देऊन मणी काढलेलं, आपण देवाला घालतो ते. निर्माल्यात असणारच, पावसाने भिजून फुगलंय. त्या वर्षी उन्हाळाभर पाऊसच पडत होता, अर्ध्या इंग्लंडात पूर आले होते, सगळंच भिजून फुगलेलं होतं. एकतीस वर्षं ज्या माणसाने फुफ्फुसातली बुरशी धाग्याच्या वळणावरून ओळखली, तो माणूस बुरशी समोर ठेवलेली असताना तिला मनातल्या मनात नमस्कार करून पुढे गेला. मी खरंच केला होता नमस्कार. आता ते आठवून मला हसूही येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती.

खोडाचा वीतभर तुकडा कापून मी घरी आणला. सुलक्षणा स्वयंपाकघरात होती, दुसऱ्या दिवशी दसरा, चक्का टांगलेला, घटावर नववी माळ चढलेली, आणि सुकलेल्या माळा ती एका परातीत निवडून ठेवत होती, सोमवारी 'आपल्या जागी' न्यायला. मी काही न बोलता वर गेलो. वरच्या लहान खोलीत माझा मायक्रोस्कोप आहे, पुण्याला शिकत असताना घेतलेला, एका डोळ्याचा. खोड उभं चिरलं. आत भेंड असतं त्या पोकळीत काळे टणक दाणे होते, उंदराच्या लेंड्यांसारखे, अकरा. ते पाहिलं आणि निम्मं निदान झालं. तरी मी रीतसर गेलो. आधी वाटलं होतं साधी करडी बुरशी असेल, स्ट्रॉबेरीवर येते ती, पण तिला मायक्रोस्कोपखाली द्राक्षांच्या घडासारखे बीजाणू दिसतात. इथे घड नव्हते. नुसते धागे, आडवे पडदे असलेले, काचेवर टाकलेल्या निळ्या रंगात स्वच्छ दिसणारे, एकमेकांत गुंतलेले. खोडाला चिकटलेली शेवंतीची एक पाकळी मी चिमट्याने सोडवली तर धागे पाकळीतून थेट खोडात शिरलेले. कुजणाऱ्या पाकळीवर ही बुरशी आधी पोसते, अंगात ताकद आली की शेजारच्या जिवंत झाडात उतरते. फुलं दुकानातूनच आजारी आली होती की इथे येऊन सडली, ते सांगता येणार नाही. वाट मात्र पाकळीतूनच होती. स्क्लेरोटिनिया. पांढरी कूज. तिचे काळे दाणे मातीत आठ-दहा वर्षं गुपचूप पडून राहतात. निळ्या धाग्यांच्या मधे मला काही लाल कण दिसले आणि मी क्षणभर गोंधळलो, असला लाल कुठल्याच बुरशीत नसतो. मग लक्षात आलं, कुंकू.

निदान करण्यात एक सुख आहे. ते मी नाकारत नाही. आतमध्ये काहीतरी कडी बसल्यासारखी बसते, आणि बाकीचं जग थोडा वेळ लांब जातं. तिथे काचेला डोळा लावून बसलेलो असताना मी सुखात होतो, हे कबूल करतो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला विचारलं होतं आणि मला उत्तर येत होतं. मग डोळा काढला. खालून परातीचा आवाज आला. आणि माझ्या लक्षात आलं की आता रिपोर्ट वर पाठवायला वर कोणी नाही. मीच जिना उतरून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं तर सोमवारी नऊ माळा त्याच बुंध्यांशी जाणार, आणि तिथून ग्विनच्या दहा झाडांत, माइरसाठी लावलेल्या. सांगितलं तर सुलक्षणा परत गाडीत बसणार, काचा वर करून. मी तिला ओळखतो. तिच्या देवाच्या फुलांनी दुसऱ्याचं झाड मेलं, हे ऐकल्यावर ती त्या फाटकातून आत पाऊल टाकणार नाही. टॅफच्या पुलावर ती पुन्हा कुठे गेली. मला झाडांचं वाईट वाटत होतं, पण भीती वाटत होती ती त्या गाडीतल्या सीटची. जिन्यात मी मधल्या पायरीवर थांबलो. मनात वाक्यं जुळवली. रिपोर्टच्या शेवटी आम्ही एक वाक्य घालत असू, पेशंटला तपासून मगच निष्कर्ष काढावा अशा अर्थाचं. अंगावर काही घ्यायचं नसलं की मी ते घाली. इथे ते वाक्य कुठे बसवावं हे कळेना.

खाली येऊन मी म्हणालो, "आज हवा बरी आहे, नाही? पाऊस थांबलाय."

सुलक्षणाने हातातली माळ परातीत ठेवली आणि हात पदराला पुसले. "काय झालंय?"

"कुठे काय."

"अहो, सत्तावीस वर्षं मी क्लिनिकच्या दाराशी बसले. सर्जन बाहेर यायचे आणि वाईट सांगायचं असलं की आधी हवेबद्दल बोलायचे. तुम्ही रिपोर्ट लिहून मोकळे. ती माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायची. सांगा आता."

मग मी सांगितलं. खोड, दाणे, धागे, पाकळी, सगळं क्रमाने, आणि क्रमाने सांगताना आवाज सरळ ठेवता आला. ती ऐकत होती, बघत परातीकडे होती. मी शेवटी म्हणालो, "आणि हे बघ, चूक माझी जास्त आहे. मी पंधरा दिवसांपूर्वीच ते पांढरं पाहिलं होतं. तेव्हाच ते एक झाड उपटलं असतं तर संपलं असतं. मला वाटलं, तू टाकलेलं वस्त्र आहे."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "वस्त्र?"

"कापसाचं वस्त्र. देवाचं."

"वस्त्र मी निर्माल्यात कधी टाकते?"

मी परातीत पाहिलं. नुसती फुलं होती, कापूस नव्हता.

"पहिल्या वर्षी टॅफमध्ये फुलं बुडाली आणि कापूस तेवढा वर तरंगत राहिला, लांबपर्यंत दिसत होता. तेव्हापासून वस्त्रं मी काढून ठेवते." तिने ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडलं आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली काढला. आत वस्त्रं होती, एकावर एक घड्या केलेली, वर्षानुवर्षांची, कुंकू फिकट होत गेलेली. "यातल्याच वाती करते मी. रोज संध्याकाळी तुमच्यासमोर पेटवते. चौतीस वर्षं." आणि मग ती हसली. रागाने नव्हे, पोटातून हसू फुटलं आणि तिला खुर्चीत बसावं लागलं. "मोठे डॉक्टर. जगाचे तुकडे तपासले आणि घरातली वात नाही बघितली." मीही हसायला लागलो, पण मला आतून लाज वाटत होती, आणि ती लाज अजून आहे, बरी वाटणारी अशी. हसून झाल्यावर तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "ग्विनला कोण सांगणार?"

"मी सांगतो. फुलांचं नाव काढायची गरज नाही. बुरशी आली म्हणायचं, पावसामुळे."

"म्हणजे परत हवेचंच." ती उठली. "उद्या दसरा आहे. उद्या मी सांगेन."

रविवारी ती दसऱ्याची गर्भरेशमी साडी, वर पावसाळी अनोरॅक आणि पायांत गमबूट अशा वेषात अलॉटमेंटच्या फाटकातून आत गेली. माझ्या पुढे. मी मागून, डब्यात श्रीखंड घेऊन. ग्विन त्याच्या शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि हवेचा उल्लेख न करता तिच्या त्या स्वच्छ क्लिनिकच्या इंग्रजीत म्हणाली की आमच्या देवाची फुलं मी तू दिलेल्या झाडांच्या बुंध्याशी ठेवली, ती पायाखाली येऊ नयेत म्हणून, आणि त्यांतून रोग आला, आणि तो तुझ्या वाफ्यात येऊ शकतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मी डबा धरून उभा. माझ्या मनात आलं, आता हा 'नेव्हर माइंड' म्हणेल, ते लोक म्हणतात तसं, आणि ते ऐकून ती कायमची परत जाईल. क्षमा इतक्या सहज मिळाली की माणूस तिथे थांबत नाही.

ग्विन 'नेव्हर माइंड' म्हणाला नाही. त्याने उठून आधी त्याची दहा झाडं एकेक करून बुंध्याशी पाहिली, वाकायला त्रास होत होता तरी. नववं झाड पाहून म्हणाला, "हे गेलं, डॉक," आणि त्याचा चेहरा खरोखर पडला. ते त्याने लपवलं नाही. मग काठीने रुबार्बच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. "माइरच्या फ्यूनरलची फुलं," तो सुलक्षणाला म्हणाला. "तीन गाड्या भरून आली होती. चर्चवाले म्हणाले, कचऱ्याच्या गाडीत देऊ. मला देववेनात. सगळी तिथे खाली आहेत. दुसऱ्या वर्षी माझे लेट्यूस सगळे सडले, पांढरे होऊन. आत्ता कळलं कशाने."

सुलक्षणाने त्या वाफ्याकडे पाहिलं. "कोणी पाय नाही ना देत त्यावर?"

"रुबार्बवर कोण पाय देईल," ग्विन म्हणाला.

दोघं तिथे उभी राहिली, आणि मला त्या दोघांत जायला जागा नव्हती, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. मी शेडमधून फावडं आणलं आणि कामाला लागलो. बुंध्याशी पांढरी दिसलेली माझी चार झाडं आणि त्याचं एक मुळासकट काढलं, भोवतीची माती पोत्यात भरली, फुलांचा अवशेष अन् अवशेष वेचला. पुढची काही वर्षं त्या वाफ्यात मका लावायचा असं ठरलं. मक्याला ही बुरशी शिवत नाही. उरलेली दोन झाडं आणि त्याची नऊ यांच्याभोवती कोरडी राख पसरली, तिचा उपयोग किती हे मला माहीत नव्हतं, पण हाताला काम हवं होतं. श्रीखंड ग्विनने शेडमधल्या कपातून खाल्लं. नऊ माळा मात्र परातीतच राहिल्या, आणि त्यांचं काय करायचं हे तिने मला विचारलं नाही, मीही काढलं नाही. घरी जाताना ती गुणगुणत नव्हती. मी दोनदा तिच्याकडे पाहिलं. काचा खाली होत्या की वर, हे बघत होतो खरं तर.

नंतरचे तीन आठवडे ती आली नाही. मी एकटाच जायचो, उरलेली झाडं बुंध्याशी भिंगाने तपासायचो, घरी येऊन तिला रिपोर्ट द्यायचो, तोंडी. "दोन्ही ठीक." "ग्विनची नऊही ठीक." ती हं म्हणायची. दिवाळी झाली. पहिलं खरं दव पडून गोठलं आणि याकॉनची पानं एका सकाळीत काळी पडली, म्हणजे कंद काढायची वेळ. ग्विनने फोन केला, मला नाही, तिला. फोनवर तो काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही. नुसती उठली आणि गॅरेजमधून सुकलेल्या माळांची पिशवी घेऊन गाडीत बसली.

ग्विनच्या आणि आमच्या तुकड्याच्या मधे, कुंपणाच्या कडेला, सगळ्या वाफ्यांपासून लांब, एक नवा लाकडी पेटारा उभा होता, झाकणाचा, जुन्या फळ्यांचा. खत कुजवायचा पेटारा नेहमी जमिनीवर बसवतात. याला त्याने खाली विटा लावल्या होत्या, चार कोपऱ्यांना थरावर थर, चांगला कमरेइतका उंच केला होता, आणि ऐंशीचा माणूस त्या विटा एकेक करून कुठून घेऊन आला असेल कोण जाणे. "पायाखाली येऊ नये म्हणालीस ना," तो म्हणाला, आणि झाकण उचलून धरलं. आत तळाशी त्याने आधीच काहीतरी ठेवलेलं होतं. माइरच्या कबरीवरून आणलेली गेल्या महिन्यातली वाळकी फुलं. सुलक्षणाने माळा त्यांच्या शेजारी ठेवल्या, दोन्ही हातांनी, मग क्षणभर हात जोडले, आणि ग्विनने टोपी काढली. नंतर आम्ही तिघांनी कंद काढले. दोन झाडांचे नऊ किलो निघाले, एकही डाग नाही. आता ते आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत पसरलेले आहेत, उन्हात ठेवायचे असतात म्हणून, आणि ऊन आलं की सुलक्षणा मला हाक मारते. काल एकादशी होती. तिने एक कंद सोलून, फोडी करून देवापुढे ठेवला, वात लावली, आणि शाल्मलीशी फोनवर बोलताना मी ऐकलं, ती म्हणत होती, "हो, उपवासाला चालतं. आपल्या जागेतलं आहे."